'नोमॅडलँड'मधली फर्न खरंच मोकळी आहे का?

परदेशीपुरेकर (इंदूर):
काल तिसऱ्यांदा क्लोई झाओचा 'नोमॅडलँड' (२०२०) हा सिनेमा पाहिला आणि पुन्हा तिथेच अडकलो. अमेरिकेतल्या नेवाडातलं एम्पायर हे जिप्सम कारखान्याचं गाव. २०११ मध्ये कारखाना बंद झाला, क्वार्टर रिकामी झाली, गावाचा पिनकोडसुद्धा गेला. नवरा गमावलेली फर्न व्हॅन घेऊन निघते.

माझे बाबा इथल्या एका गिरणीत साचे चालवायचे. गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. नंतर कितीतरी वर्षं ते भोंग्याच्या वेळेलाच उठायचे, चहा घेऊन ओट्यावर बसून राहायचे. जाणार कुठे? म्हणून फर्न बॅडलँड्सच्या खडकांत पोरीसारखी हुंदडते तेव्हा मला भरूनही येतं आणि रागही येतो. हा निसर्ग तिने निवडलाय, की घर गेल्यावर उरलेली जागा आहे ही?

सयाजीबागेजवळ (बडोदा):
दादा, शेवट पुन्हा बघा. ती एम्पायरला परतते, रिकाम्या घरातून फिरत मागच्या दाराने बाहेर पडते. समोर नुसतं वाळवंट, लांब डोंगर. म्हणजे मोकळ्या निसर्गाची ही ओढ व्हॅनमुळे लागली नाही, तिच्या स्वयंपाकघराच्या मागेच ती होती.

लष्करवाला (ग्वाल्हेर):
राग यावा असंच आहे ते. गोदामात पार्सलं भरायची, बीटाच्या हंगामात राबायचं, कॅम्पातले संडास धुवायचे. सिनेमा हे लपवत नाही, म्हणून मला तो आवडतो. त्यातली लिंडा मे, स्वँकी, बॉब वेल्स ही तर खरीच गाडीत राहिलेली माणसं. आणि बशा आठवतात? वडिलांनी दिलेल्या. तिचा प्रवासातला मित्र डेव्ह, त्याच्या हातून फुटतात, तर ती तुकडे जुळवून चिकटवत बसते. सगळं मागे टाकलेलं माणूस असं करेल?
जमल्यास 'द स्ट्रेट स्टोरी' (१९९९) बघा. १९९४ मध्ये ७३ वर्षांचा ॲल्विन स्ट्रेट आजारी भावाला भेटायला गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला गेला. वेग ताशी जेमतेम ८ किलोमीटर. त्या वेगात शेतं नीट दिसतात.

परदेशीपुरेकर (इंदूर):
ताई, मागच्या दारावरून आठवलं. आमच्या ओट्यासमोर कडुनिंब होता. आज आईला विचारलं, बाबा तिथे दिवसभर करायचे काय? म्हणाली, साळुंक्यांना पोळीचे तुकडे टाकायचे. एक लंगडी होती, ती आल्याशिवाय उठायचे नाहीत. मी तेव्हा शाळेत असायचो. मला हे माहीतच नव्हतं.