आयटीआय फिटर, संभाजीनगरला यायलोय: खोली आधी का नोकरी आधी?

गंगाखेडकर_फिटर
नमस्कार मंडळी. फिटर ट्रेड पास आहे, दिवाळी झाली की संभाजीनगरला यायलोय. नोकरी अजून हातात नाही. दोन मित्र वाळूजच्या बजाजनगरला राहतात, एक मुकुंदवाडीला. तो शेंद्र्याला कामाला जातो. सगळे म्हणायलेत, आमच्याजवळच खोली घे. जवळ २०,००० रुपये आहेत. खोली कुठं बघू, न् नोकरीची सुरुवात कुठून करू? मित्रांच्या गाठीभेटीही राहिल्या पाहिजेत.

दोन्ही_टोकं
लगेच खोली घेऊच नका. वाळूज एमआयडीसी पश्चिमेला नगर रोडवर, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर, मधे तीसेक किलोमीटर. बजाजनगरला डिपॉझिट भरलं न् काम शेंद्र्याला लागलं, तर रोज अख्खं शहर दोनदा ओलांडायचं. कायम कामगारांना कंपनीची बस असते, कंत्राटदाराच्या पोरांना ती मिळेलच असं नाही. दुसरी पाळी सुटते तेव्हा सिटी बसच्या भरवशावर राहता येत नाही.

हिशोब बघा. भाडं समजा ४,०००, डिपॉझिट दोन महिन्यांचं. चावी हातात पडेपर्यंत १२,००० गेले. उरलेल्या ८,००० मध्ये गादी, मेस, पेट्रोल आणि पहिला पगार होईपर्यंतचे दिवस. पगार महिना भरल्यावर पुढच्या महिन्यात होतो, म्हणजे रुजू झाल्यापासून चाळीसेक दिवस धरा. त्यापेक्षा महिनाभर मित्राच्या खोलीत वाटेकरी व्हा. फुकट नाही हं! भाड्याचा न् गॅसचा वाटा पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर दोस्ती तिथंच नासते.

रांजण
खोली बघताना भाड्याआधी पाणी विचारा. शहरात नळ रोज येत नाही, मधे बरेच दिवस जातात. मालकाला नाही, शेजारच्या भाडेकरूला विचारा: नळ कितव्या दिवशी आला होता, टाकी किती लिटरची, तिच्यावर खोल्या किती? १,००० लिटरची टाकी न् सहा खोल्या असतील तर तिसऱ्या दिवशी बोंब. २०० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवायला जागा आहे का तेही बघा. बजाजनगरला एमआयडीसीचं पाणी आहे, तिथं गणित वेगळं.

करार ११ महिन्यांचा, डिपॉझिटची रक्कम त्यात लिहूनच घ्या.

न् गावाकडून ज्वारी आणा, पण दळून आणू नका. शिळ्या पिठाला विरी राहत नाही, भाकरी थापतानाच चिरते.

शून्य_पूर्णांक_शून्य_दोन
नोकरीचं सांगतो. येण्याआधी आधार न् मार्कमेमोवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. एकीकडं वडलांचं नाव पूर्ण, दुसरीकडं नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून पीएफचा नंबर अडकतो. आधारला मोबाईल जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो.

ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव टाका न् शेंद्रा-वाळूजच्या जागांना अर्ज करा. नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून घेत असतील तर विचारा: पोर्टलवर करार होणार का, शेवटी परीक्षा न् प्रमाणपत्र आहे का? ॲप्रेंटिसच्या स्टायपेंडमधून पीएफ कापत नाहीत. कापायलेत म्हटलं की समजायचं, ही ॲप्रेंटिसशिप नव्हे.

ट्रेड टेस्टला हातात व्हर्निअर देतात, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप घ्यायची पट्टी. पोरं सरळ माप घेतात न् तिथंच बाद होतात. आधी जबडे मिटवून शून्य बघा. मुख्य पट्टीवर २४, व्हर्निअरची १७वी रेघ जुळली, लघुतम माप ०.०२, म्हणजे दर रेघेला ०.०२ मिलिमीटर: १७ रेघांचे ०.३४, वाचन २४.३४ मिलिमीटर. पण जबडे मिटल्यावर ०.०४ पुढं दाखवत असेल तर ते वजा करायचं, खरं माप २४.३०. घाईत पोरं ते मिळवतात.

गंगाखेडकर_फिटर
व्हर्निअरचं लई कामाचं सांगितलं. एक जण फोनवर ‘१५,००० पगार, आधी २,००० रजिस्ट्रेशन’ म्हणायलाय. जाऊ का? न् पाळ्या वेगवेगळ्या असल्यावर मित्र भेटायचे कधी?

दोन्ही_टोकं
पैसे मागितले की फोन ठेवा. कामावर घेणारा पैसे देतो, घेत नाही. आणि १५,००० म्हणजे आठ तासांचे का बारा? ओव्हरटाइम धरून आकडा फुगवतात. हातात किती पडणार ते विचारा: मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ जातो, एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर ०.७५ टक्के ईएसआय, म्हणजे कामगार विमा. कॅन्टीन न् बसचं वेगळं कापत असतील तर तेही.

भेटीचं म्हणाल तर बजाजनगर न् मुकुंदवाडीच्या मधलं ठिकाण धरा. सिद्धार्थ उद्यान मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच आहे, दोन्हीकडून सोपं. तिथून गुलमंडीवर इमरती खायला जाता येतं. सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी एका दिवशी येईलच असं नाही. ज्याची रात्रपाळी सुटलीय त्याला सकाळी बोलावू नका, दुपारी चारनंतरचं ठरवा. पहिल्या पाळीवाला तोवर सुटलेला असतो. दुसऱ्या पाळीवाल्याला मात्र पाळी बदलेपर्यंत थांबावं लागेल.