शेवंडांची पिल्लं सगळी एकाच कोपऱ्यात का जमतात?

जुळे सोलापूरकर:
दिवाळीत मालवणला गेलतो, तिथं जाळ्यात बोटाएवढी चार-पाच शेवंडांची (काटेरी लॉबस्टरची) पिल्लं आली. त्या काकांनी परत सोडायच्या आधी पोरांना बघायला म्हणून टबात ठेवली, तर सगळी एका कोपऱ्यात गोळा, पाठी भिंतीला आणि लांब मिशा बाहेर. पोराने हात घातला की कर्रकर्र आवाज. आपल्याकडं उजनीचे खेकडे एका बादलीत ठेवले तर एकमेकांचे पाय तोडतात, मग ही अशी गुण्यागोविंदानं कशी काय? पोरगं रोज विचारतंय, मला सांगता येईना.

बार्शीचा मासेवाला:
मी रत्नागिरीला मत्स्य शिकलोय म्हणून सांगतो दादा. शेवंडाला खेकड्यासारख्या नांग्या नसतात, त्याचं हत्यार म्हणजे काटे आणि मिशा. पाठ कपारीला लावून सगळ्यांनी मिशा बाहेर काढल्या की आत घुसायचं कुणाचं धाडस होत नाही. तो आवाज मिशांच्या बुडाशी घासून काढतात, शत्रूला घाबरवायला.

पण जन्मापासून असं नसतं बरं का. फ्लोरिडा-कॅरिबियनकडच्या शेवंडावर लई अभ्यास झालाय. अळी पानासारखी चपटी, काचेसारखी आरपार, कित्येक महिने खुल्या समुद्रात तरंगते, मग किनाऱ्याजवळ येऊन लाल शेवाळाच्या गुंत्यात लपते, तिथं मात्र एकटीच. कवच दीड-दोन सेंटिमीटरचं झालं की शेवाळ सोडून कपारीत नाहीतर मोठ्या स्पंजखाली जाते आणि तिथनं पुढं सोबत लागते. बीळ सापडतं ते वासावर, दुसऱ्या शेवंडाच्या लघवीचा वास पाण्यात येतो ना, म्हणजे तिथं जागा आहे. नव्या पिल्लाला अंधारात फार भटकावं लागत नाही, हा मोठा फायदा.

विज्ञानाच्या बाई:
यात मला सगळ्यात भारी वाटतं ते आजारपणाचं. तिथल्याच शेवंडांना पीएव्ही१ नावाचा विषाणू होतो, लहान पिल्लं त्यानं जास्त मरतात. तर निरोगी शेवंडं आजाऱ्याच्या बिळात सहसा राहत नाहीत, आणि तेही त्याच्यापासून लागण व्हायच्या आधीच, २००६ साली हे छापून आलं. जो वास जवळ ओढतो तोच लांबही ठेवतो, वर्गात सांगितलं तर पोरं अर्धा तास प्रश्न विचारत होती.

आणि नांग्या असलेला अमेरिकन लॉबस्टर बघा, त्याचं पिल्लू दगडाखाली एकटंच राहतं, शेजारी खपत नाही. स्वभावानं तुमच्या खेकड्यांच्या जवळचा तोच.

जुळे सोलापूरकर:
मनापासून आभार दोघांचे. पोराला आत्ताच वाचून दाखवलं, म्हणतोय मग त्या टबातली एकाच बिळातली होती का? काकांनी ती सगळी एकाच खडकापाशी सोडली होती, तेवढं मला नक्की आठवतंय.