वर्षभराचं वाचन: वही उघडून सांगा (अनुभव धागा)

डिसेंबर सरत आला की 'यंदा किती पुस्तकं झाली?' हा प्रश्न सुरू होतो आणि उत्तरादाखल एक आकडा येतो. बावीस, चाळीस, साठ. त्या आकड्यावरून वाचन कसं झालं ते कळत नाही. ऐंशी पानांचा कवितासंग्रह आणि सहाशे पानांचं चरित्र, दोन्हींची नोंद 'एक'. अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक तर हिशोबात धरतच नाहीत, आणि मागे वळून बघताना सगळ्यांत जास्त तेच सांगून जातं.

म्हणून हा धागा. आवडत्या पुस्तकांच्या याद्या इथे नकोत, त्या भरपूर निघतात. नोंद कशी ठेवता, मोजता कशात, कुठे चुकतं आणि का चुकतं, तेवढं नेमकं लिहा. मराठवाड्यातल्या मंडळींनी तर जरूरच लिहा, कारण आपल्याकडे वाचनाचं वर्ष पाऊसपाण्यावर चालतं.

देवघेव (लातूर)

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीतले निम्मे रकाने घरच्या वहीला पुरतात. फुलस्केप वही आडवी धरायची. अनुक्रम, नाव, लेखक, आवृत्ती व साल, पानं, कुठून आलं, सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख. शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवायचा: कुठल्या पानावर थांबलं आणि का. हा एक रकाना वगळला तर बाकीची वही म्हणजे नुसती यादी.

'का' एका-दोन शब्दांतच लिहायचं, नाहीतर दोन महिन्यांत कंटाळा येऊन वही बंद पडते. 'वेळ', 'भाषा', 'टाइप बारीक', 'परत द्यायचं होतं', 'रमलं नाही' एवढे शब्द पुरतात. वर्षअखेरीला हा रकाना वरून खाली सलग वाचा. 'परत द्यायचं होतं' पाच-सहा वेळा आलं असेल तर पुस्तकांचा काही दोष नाही, एका खेपेला जास्त उचलली जातायत. 'टाइप बारीक' दोनदा आलं तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. 'रमलं नाही' हे पंचविसाव्या पानावर असेल तर निवड चुकली. दीडशेव्या पानावर असेल तर तारखा बघा, बहुतेक वेळा मध्ये दहा-पंधरा दिवसांचा खंड पडलेला सापडतो. खंडानंतर पात्रांची नावं, नाती विसरतात आणि मग पुस्तकच कंटाळवाणं वाटायला लागतं. अशी पुस्तकं पुढच्या वर्षी पहिल्या पानापासून घ्यावीत, थांबल्या जागेपासून नव्हे.

आवृत्तीचं साल मुखपृष्ठावरून घेऊ नका. आतल्या नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला बघा. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. नवी आवृत्ती म्हटलं की मजकूर बदललेला असू शकतो आणि पानं पुढेमागे सरकतात. वहीत टिपलेलं 'पान ११२' दुसऱ्या प्रतीत सापडत नाही ते यामुळेच. पानसंख्या शेवटच्या छापील आकड्यावरून धरली तर प्रस्तावना सुटते, कारण आपल्याकडे प्रस्तावनेची पानं पुष्कळदा 'एक, दोन, तीन' अशी अक्षरांत छापलेली असतात. तीस-चाळीस पानांची प्रस्तावना वाचली असेल तर ती धरलीच पाहिजे.

ओवी (अंबाजोगाई)

पानं मोजण्यावरच माझा आक्षेप आहे. आमच्या गावी संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेली. तिथे पान हे मापच लागू होत नाही. पारायण करणाऱ्यांना ही अडचण जुनी आहे. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा. सात दिवसांच्या सप्ताहात अठराला सातने भागून रोज अडीच अध्याय धरले की गणित पहिल्याच खेपेला फसतं. बारावा अध्याय २४७ ओव्यांचा आणि अठरावा अठराशेच्या वर. शेवटच्या दिवशी एकटा अठरावाच दिवस खाऊन टाकतो, घसा बसतो, आणि मग वाचन पळवलं जातं. एकूण ओव्या साधारण नऊ हजार, म्हणून रोजच्या पावणेतेराशे ते तेराशे धराव्यात आणि थांबा अध्यायाच्या मध्ये आला तर येऊ द्यावा.

हाच हिशोब कुठल्याही पुस्तकाला लावता येतो. 'रोज एक प्रकरण' हा नेम मोडतो तो आळसाने नव्हे, प्रकरणं सारखी नसतात म्हणून. पुस्तक हातात घेतल्यावर आधी तीन वेगवेगळी भरगच्च पानं काढा, प्रत्येकातल्या पाच ओळींतले शब्द मोजा आणि सरासरी घ्या. ओळीला दहा शब्द, पानाला तीस ओळी, म्हणजे पानाला तीनशे. दोनशे पानांचं पुस्तक साठ हजार शब्दांचं झालं. मग घड्याळ लावून वीस मिनिटं नेहमीच्या चालीने वाचा. बारा पानं झाली तर तासाला छत्तीस. २१६ पानांना सहा तास. ही चाल कथेला वेगळी येते, वैचारिक लेखनाला वेगळी. जुन्या ओवीबद्ध ग्रंथाला तर निम्म्याहून खाली येते. त्यामुळे एकच वेग काढून सगळ्या वर्षाला लावू नका, प्रकारागणिक एकदा तरी मोजा.

कवितेला यातलं काहीही लावू नये. कवितासंग्रहापुढे किती वेळा उघडला एवढ्याच उभ्या रेघा मारायच्या.

काळी माती (परभणी, सेलूकडे)

वर्ष जानेवारीपासून धरलं की कास्तकाराच्या घरातला हिशोब चुकलाच म्हणून समजा. बारा महिन्यांची सरासरी काढून 'महिन्याला तीन पुस्तकं' म्हणण्यात काही राम नाही, कारण असा महिना आपल्याकडे नसतोच. चार तुकडे करा. मृग ते पोळा, पोळा ते दिवाळी, दिवाळी ते होळी, होळी ते मृग.

मृग लागला की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत सगळा जीव आभाळाकडे. पेरणी झाली की कोळपणी, खुरपणी, फवारणी. या तुकड्यात जाड पुस्तक सुरू करू नये. झड लागली तर दोन-तीन दिवस सलग मिळतात, त्यासाठी शंभर-सव्वाशे पानांची तीन-चार पुस्तकं आधीच आणून ठेवावीत, कारण झडीत तालुक्याला जाणं होत नाही. पोळा ते दिवाळी सोयाबीनची काढणी, वाचन जवळपास शून्य. हे शून्य वहीत शून्य म्हणूनच मांडा. दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालूच असते, हरभरा-ज्वारीला पाणी द्यावं लागतं, पण रात्र मोठी असते. शेतीपंपाची लाइट रात्रीची आली की बाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जागावंच लागतं. दोन बारे बदलण्याच्या मध्ये पाऊण तास तरी निवांत सापडतो. तिथे हेडलाइटच्या उजेडात छापील पुस्तक वाचता येतं, पण गुळगुळीत कागदावर उजेड चमकतो आणि डोळे दुखतात. साध्या पिवळसर कागदाचंच न्यावं.

होळी ते मृग हा खरा वाचनाचा हंगाम. दुपारी अकरा ते चार बाहेर निघता येत नाही, पारा चाळिशीच्या वर. सहाशे पानी पुस्तक याच काळात धरायचं. लग्नसराईच्या तारखा आधी बघून घ्या, त्या आठवड्यांवर भरवसा ठेवू नका.

असे चार आकडे शेजारी शेजारी मांडले की कळतं, वाचन कमी झालं की हंगाम लांबला. पाऊस उशिरा आला त्या वर्षी पहिला तुकडा फुगलेला दिसेल. तो बघून आनंद मानायचं कारण नाही, तो दुष्काळाचा आकडा आहे.

आखाडा (हिंगोली)

वहीच्या मागच्या बाजूने शब्दांची नोंद सुरू करा. वर्षाच्या वाचनातून हातात काही राहत असेल तर ते हेच. एका शब्दाला एक चिठ्ठी, पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची. वर शब्द, खाली तो आला ते पूर्ण वाक्य, पुस्तक, पान. अर्थ सर्वांत शेवटी आणि पेन्सिलीने, कारण तो बदलतो. वाक्य न लिहिता नुसता शब्द आणि अर्थ टिपणं ही सगळ्यांत मोठी चूक. सहा महिन्यांनी ती चिठ्ठी मुकी होते.

उदाहरण माझ्या टोपणनावाचंच घ्या. 'आखाडा' म्हटलं की कोशात आधी कुस्तीची जागा सापडते. आपल्याकडे आखाडा म्हणजे शेतातलं जनावरांचं, राहण्याचं ठिकाण. मराठवाड्यातल्या लेखकाच्या कथेत 'तो रात्रीचा आखाड्यावर गेला' असं आलं तर बाहेरच्या वाचकाला तो तालमीत गेल्यासारखा वाटतो. 'धुरा' (शेताचा बांध), 'पऱ्हाटी' (कपाशीचं झाड), 'सालगडी' (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) यांचंही तसंच. वाक्य जपलं तरच अर्थ जपला जातो.

दाते–कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते फुकट शोधता येतात. मात्र तिथे आजच्या लेखनाप्रमाणे शोधलं की पुष्कळदा हाती काही लागत नाही. तो कोश १९६२ च्या लेखननियमांच्या आधीचा, म्हणजे 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' अशा अनुस्वारांच्या काळातला. शब्द सापडला नाही तर आधी अनुस्वार देऊन बघा, मग इकार-उकार बदलून.

हैदराबाद संस्थानाच्या काळावरची पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. जुन्या कागदांच्या उताऱ्यांत साल 'फसली', म्हणजे निजामाच्या राजवटीतल्या महसुली कालगणनेचं असतं. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि ते वर्ष दोन इसवी सनांत विभागलं जातं. १३५७ फसली म्हणजे १९४७–४८. शकाला मात्र ७८ मिळवायचे. दोन्हींत गोंधळ झाला तर घटनांचा क्रमच उलटा लागतो. समासात लगेच इसवी सन लिहून ठेवा, ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर वहीत.

पिव्होट (छत्रपती संभाजीनगर)

ज्यांची वही संगणकावर आहे त्यांच्यासाठी. वर्षअखेरीला लेखकवार मोजणी केली आणि एकाच लेखकाचं नाव दोन ओळींत आलं, ही तक्रार नेहमीची. कारण डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं आणि 'अ' वर चंद्र देऊनही उमटतं. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र चंही तेच, फोनवर एका पद्धतीने उमटतो आणि संगणकावर दुसऱ्या. नावापुढे राहून गेलेली मोकळी जागा हे तिसरं कारण. उपाय असा की लेखकांची नावं वेगळ्या पानावर एकदाच टाइप करायची आणि मुख्य तक्त्यात ड्रॉपडाउनमधून निवडायची. जुन्या नोंदींना ट्रिम (जादा मोकळ्या जागा काढणारं सूत्र) लावून मग 'शोधा आणि बदला' चालवा.

ई-बुक, ऑडिओ आणि कागद एका हिशोबात आणायचे असतील तर तासांशिवाय गत्यंतर नाही. ई-बुकचं पान अक्षराच्या आकारासोबत बदलतं. ऑडिओ सव्वापट वेगाने ऐकलं तर दहा तासांचं आठ तासांत संपतं, वहीत आठच लिहा. आणि स्वयंपाक करताना ऐकलेले तास वेगळ्या रंगात मांडा. वर्षाच्या शेवटी त्यातलं किती आठवतं हे ताडून बघण्यासारखं असतं.

पाटावरची (उदगीर)

आम्हा बायकांच्या पुस्तक भिशीचा हिशोब देते, दुसरीकडे सुरू करायची असेल तर उपयोगी पडेल. सभासद बारा, महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये, म्हणजे २,४००. चिठ्ठी जिच्या नावाची निघेल तिने त्या रकमेची पुस्तकं घ्यायची. दरमहा बैठकीत पुस्तकं उजवीकडे एक घर सरकतात. बारा खेपांत प्रत्येकीकडे बारा पुस्तकं येऊन जायला हवीत.

ती येत नाहीत, याचं कारण जाड पुस्तक. चारशे पानांचं एक जरी फिरतीत घातलं तरी ते ज्या घरी अडतं तिथून पुढची सगळी साखळी थांबते. म्हणून फिरतीत अडीचशे पानांच्या वरचं घालायचं नाही. जाड पुस्तकं वेगळ्या पिशवीत, दोन महिन्यांच्या मुदतीने. दोन पुस्तकं कायम राखीव ठेवायची, म्हणजे कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही. वैशाखात आणि गौरी-गणपतीत सरकवणी बंदच ठेवावी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ग्रंथालयासारखं तारीखपत्रक चिकटवा. कुठलं पुस्तक किती दिवस कुणाकडे राहिलं ते त्यावर दिसतं, आणि कुणाला बोलून दाखवावं लागत नाही.

कसर (बीड)

सगळ्यांनी वाचनाचं लिहिलं, पुस्तकांचं राहिलं. हिशोबाला पुस्तकं खाली काढाल तेव्हाच तपासून घ्या. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा आणि बांधणीजवळची खळ खाल्लेली दिसली तर ती कसर. मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी. कसरीला पुस्तकं झटकून, सावलीत वाळवून, कपाट पुसून भागतं. वाळवीला नाही, तिथे भिंतीचाच बंदोबस्त करावा लागतो. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे हवं. ओली कडुनिंबाची पानं ठेवू नका, ओलीने डाग पडतात. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टीही लावू नका, ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते.

नवी वही (धाराशिव)

दिवाळी अंक कसे धरायचे? एक अंक म्हणजे एक पुस्तक की कसं?

देवघेव (लातूर)

अंक म्हणून धरूच नका. अख्खा अंक सहसा कुणी वाचत नाही, आणि दोन रकान्यांत छापलेलं मोठं पान साध्या पुस्तकाच्या दीड-दोन पानांएवढं भरतं. वहीत अंकाचं नाव एकदा लिहा आणि त्याखाली वाचलेले लेख, कथा वेगळ्या ओळीत, लेखकाच्या नावासकट. पुढे त्याच लेखकाचं पुस्तक आलं की ही ओळ सापडते आणि त्यातली कुठली कथा आधी वाचून झाली ते कळतं. तास मात्र 'ओवी' यांनी सांगितलं तसे घड्याळ लावून.