नोरिफुमी आबे: फक्त तीन विजय?

वर एका सदस्यांनी विचारलंय की ५०० सीसीत, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या तेव्हाच्या सर्वोच्च गटात, जेमतेम तीन शर्यती जिंकलेल्या जपानी रेसर आबेचं एवढं कौतुक का. त्यांनी १९९४ ची जपानमधल्या सुझुका ट्रॅकवरची शर्यत जरूर पाहावी.

आबे तेव्हा १८ वर्षांचा होता. आदल्याच वर्षी जपानचा राष्ट्रीय ५०० सीसी विजेता झालेला, पण जागतिक स्पर्धेत केवळ घरच्या मैदानावर वाइल्ड कार्डवर, म्हणजे एका शर्यतीपुरत्या खास प्रवेशावर, उतरलेला. समोर कोण, तर गतवर्षीचा जगज्जेता केविन श्वांट्झ आणि मिक डूहान. पोरगा दबला नाही. दोघांच्या बरोबरीने लढला, त्यांना ओलांडून पुढेही गेला. आणि तीन फेऱ्या उरलेल्या असताना पडला! पण तोवर काम झालं होतं. त्याच हंगामात यामाहाने त्याला जागतिक स्पर्धेत आणलं. ती शर्यत पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या, नंतर स्वतः जगज्जेता झालेल्या व्हॅलेंटिनो रॉसीने पुढे स्वतःचं टोपणनावच 'रॉसीफुमी' ठेवलं.

पुढे १९९६ मध्ये त्याच सुझुकावर तो जिंकला, मग १९९९ ला ब्राझीलमधलं रिओ आणि २००० ला पुन्हा सुझुका. सातत्य कमी पडलं, हे मान्यच. डूहानच्या वर्चस्वाच्या त्या काळात फार थोड्यांना ते जमलं.

२००७ मध्ये जपानच्या कावासाकी शहरात, साध्या रस्त्यावर, बेकायदा यू-टर्न घेणाऱ्या ट्रकमुळे तो गेला. वय ३२. त्या अपघाताचा मला आजही राग येतो. तेव्हाही तो जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत धावतच होता. त्यामुळे त्याला 'लवकर संपलेला खेळाडू' म्हणणं मला अजिबात पटत नाही.