शब्दचर्चा : मलय 'बुदी', 'चिंता', 'सिक्सा' आणि विल्किन्सनचा कोश

मलय भाषेत 'बुदी' असा एक शब्द आहे. मूळ आपल्या ओळखीचं, संस्कृत 'बुद्धी'. मात्र 'ओरांग बरबुदी' म्हणजे भला, शीलवान, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारा माणूस. कुणी आपल्यासाठी न मागता काही केलं की ते 'बुदी', आणि त्याचं जे ओझं मनावर राहतं ते 'हुतांग बुदी'. हुतांग म्हणजे कर्ज. यावर एक जुना पंतून (चार ओळींचं लोककाव्य) सगळ्यांच्या तोंडी आहे. पहिल्या दोन ओळी नुसत्या यमकासाठी : सोनकेळी गलबतावर निघाली, त्यातलं एक पेटीवर पिकलं. खरा अर्थ पुढच्या दोन ओळींत : सोन्याचं कर्ज फेडता येतं, बुदीचं कर्ज मरेपर्यंत सोबत येतं. त्यातला 'पेटी' शब्दही तिकडे 'पेती'च आहे, तमिळमधून गेलेला.

असे शब्द नीट उलगडून पाहायचे तर रिचर्ड जेम्स विल्किन्सन यांच्या कोशाला पर्याय नाही. इंग्रजी अमलातल्या मलायावर लिहिताना रॅफल्स आणि स्वेटनहॅम या इंग्रज अधिकाऱ्यांची नावं सतत येतात. विल्किन्सन मागे पडतात, आणि ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

त्यांचा जन्म 1867 चा, सालोनिकाचा. हे बंदर तेव्हा ऑटोमन राज्यात होतं आणि वडील तिथे ब्रिटिश वकिलातीत होते. म्हणजे अनेक भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या गावात हा मुलगा वाढला. केंब्रिजला शिकून 1889 मध्ये ते स्ट्रेट्स सेटलमेंट्सच्या, म्हणजे सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का या वसाहतींच्या सरकारी नोकरीत आले. 1901 ते 1903 या काळात सिंगापुरात त्यांचा मलय-इंग्रजी कोश छापून झाला. त्यात मुख्य शब्द जावी लिपीत होते. जावी म्हणजे अरबी लिपीत च, प, ग, ङ, ञ अशा उच्चारांची भर घालून मलयसाठी घडवलेली लिपी. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी सगळा कोश वाढवून रोमन लिपीत पुन्हा लिहिला. तो 1932 मध्ये दोन खंडांत निघाला, आणि छापला कुठे तर ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर मितिलिनी गावात. मलय शब्दांचे खिळे ग्रीक कारागिरांनी जुळवले.

या कोशाचं वैशिष्ट्य असं की विल्किन्सन नुसता प्रतिशब्द देऊन पुढे जात नाहीत. शब्द कोणत्या हिकायतमध्ये (मलय गद्यकथेत) येतो, कोणत्या म्हणीत बसतो, तो संस्कृत, अरबी, तमिळ की पोर्तुगीज, हे ते नोंदवतात. त्यामुळे एका शब्दाचा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. 'बुदी'चंच बघा. 'आकाल बुदी' या जोडशब्दात तिचा जुना 'विवेकशक्ती' हा अर्थ शाबूत आहे. अरबी अक्कल आणि संस्कृत बुद्धी शेजारी शेजारी. आपण 'अक्कलहुशारी' म्हणतो तशीच ही बांधणी. 'बुदी बहासा' म्हणजे मात्र शिष्टाचार, वागण्यातली अदब. इथे 'बहासा' म्हणजे भाषा तर आहेच, शिवाय वळणही आहे. ज्याला बोलायचं कसं ते कळतं त्याला वागायचं कसं तेही कळतं, हा समज त्या शब्दातच मुरलेला आहे.

आता मला इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे ते पुढच्या तीन शब्दांविषयी.

'चिंता' म्हणजे मलयमध्ये प्रेम. संस्कृतात मुळात 'विचार, मनन'. आपल्याकडे तो विचार काळजीत बदलला, तिकडे ओढीत. जुन्या हिकायतींमध्ये 'परचिंताआन' हा शब्द शोक, मनाची व्यथा या अर्थाने येतो, आज त्याचा अर्थ सरळ प्रेमप्रकरण. म्हणजे मधली पायरी काळजीचीच होती. ज्याची काळजी वाटते त्याच्यावर जीव असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

'संगसारा' म्हणजे हाल, यातना. हा आपला 'संसार'. संतांच्या अभंगांत संसार दुःखाचाच आहे, पण रोजच्या मराठीत तो चूल, भांडी, मुलंबाळं यांच्यापाशी येऊन बसला. मलयने दुःख तेवढं ठेवलं.

आणि 'सिक्सा'. हा 'शिक्षा'. अर्थ छळ, यातना, नरकातली सजा. हिंदीभाषक मित्राला हे सांगितलं तर तो चकित होतो, कारण त्याची शिक्षा शाळेत मिळते. मराठी माणसाला आश्चर्य वाटण्याचं कारण नाही.

आपली मतं जरूर मांडा.

प्रतिसाद

'शिक्षा'बद्दल एक भर. कन्नडमध्ये 'शिक्षे' आणि तेलुगूमध्ये 'शिक्ष' म्हणजेही दंडच. त्यामुळे हा अर्थ मराठीने एकटीने घडवलेला नाही, सगळ्या दख्खनचा आहे. मलय प्रदेशाशी जुना व्यापार प्रामुख्याने दक्षिणेच्या बंदरांतून चालला हे लक्षात घेतलं तर हा शब्द तिकडे जाताना दंडाचा अर्थ घेऊनच गलबतात चढला असण्याची शक्यता बरीच वाटते. नुसत्या एका शब्दावरून असं म्हणणं घाईचं होईल, पण 'बिचारा' हा दुसरा साक्षीदार आहे. मलय 'बिचारा' म्हणजे बोलणं, चर्चा (आपल्या बिचाऱ्या माणसाशी संबंध नाही, हा 'विचार'), आणि 'परबिचाराआन' म्हणजे न्यायालयातली सुनावणी. कन्नडमध्ये खटल्याच्या सुनावणीला 'विचारणे' म्हणतात. मराठीत 'विचारणे' म्हणजे प्रश्न करणे आणि 'विचारणा' म्हणजे चौकशी. हे सगळं एकाच दिशेला जातं.

प्रतिसाद

मी क्वालालंपूरला राहते. इथे भिंतींवर, बागांमध्ये, बसथांब्यांवर 'दंडा'च्या पाट्या दिसतात. कचरा टाकल्यास दंड. रोमन लिपीत 'डी'नंतर 'ई' लिहितात, म्हणून नवखा मराठी माणूस 'देंडा' वाचतो. प्रत्यक्षात ऐकाल तर आपल्या 'दंड'मधला अगदी तोच 'अ'.

'बुदी'चा वापर रोजच्या बोलण्यात आहे का, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. आहे. शेजारच्या आजींनी माझ्या मुलाला आजारपणात सांभाळलं तेव्हा मी आभार मानले, तर त्यांनी त्यांच्या मुलीला 'हुतांग बुदी'वरची तीच पंतून म्हणून दाखवायला लावली. आपण ज्याला उपकार म्हणतो त्यात थोडी उंची असते, एक वर आणि एक खाली. बुदीत ती जाणवत नाही. 'ऋणानुबंध' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो.

धागाकर्ता

ताई, 'ऋणानुबंध' फार नेमका सुचवलात. आणि तुम्ही काढलेला 'अ'चा मुद्दा या सगळ्याच्या मुळाशी जातो.

मलयमध्ये हा आखूड 'अ' पावलोपावली येतो आणि रोमन लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर नाही. विल्किन्सन यांच्या पुढाकाराने 1904 मध्ये इंग्रजी मलायात रोमन लिखाणाची जी पद्धत ठरली तिच्यात या स्वरासाठी 'ई'वर अर्धचंद्राची खूण होती. त्यांच्या 1932 च्या कोशातही ती पानोपानी दिसते. शेजारी डच अमलाखाली वेगळीच पद्धत होती. 1824 च्या इंग्रज-डच तहाने मलय भाषकांचा समुद्र मधोमध वाटला गेला आणि एकाच शब्दाचे दोन चेहरे झाले. 'चिंता'तला 'च' इंग्रजांकडे 'सीएच' तर डचांकडे 'टीजे'. 'उ' डचांकडे 'ओई'. शेवटी 1972 मध्ये मलेशिया आणि इंडोनेशियाने मिळून एकच लेखनपद्धत स्वीकारली, 'च'साठी नुसता 'सी' आला, पण ती अर्धचंद्राची खूण गेली. म्हणून आजचा परका वाचक अडखळतो. देवनागरीत लिहिलं की 'दंडा', 'नराका' (नरक), 'बंदाहारा' हे शब्द जसे बोलतात तसे उमटतात.

'बंदाहारा' आला म्हणून सांगतो, हा मलाक्काच्या सुलतानाचा मुख्य प्रधान. मूळ 'भांडार'. खजिन्याच्या कोठारापासून निघालेला शब्द प्रधानकीपर्यंत चढला आणि आज इंडोनेशियात पुन्हा संस्थेच्या खजिनदारावर येऊन थांबला. आरमाराच्या प्रमुखाला 'लक्सामाना' म्हणत, आणि मलेशियाच्या नौदलात आजही ॲडमिरलचा तोच हुद्दा आहे. थोरल्या भावाच्या पाठीशी उभा राहणारा लक्ष्मण राजाच्या पाठीशी उभ्या असलेल्या सेनापतीचं पदनाम झाला.

आणि माझा सगळ्यांत आवडता शब्द, 'करना'. हा 'कारण'. 'साया तिदाक दातांग करना हुजान', म्हणजे 'मी आलो नाही, कारण पाऊस.' उभयान्वयी अव्यय म्हणून मराठीत 'कारण' जसा वाक्याच्या मधोमध बसतो, तिकडेही तसाच. हिंदीला इथे 'क्योंकि' लागतं.

प्रतिसाद

लेख आवडला, पण एक शंका. विल्किन्सन हे शेवटी वसाहतीचे अधिकारी. कोश करणं हा राज्य चालवण्याचाच भाग नव्हता का? मोल्सवर्थबद्दलही हाच प्रश्न पडतो.

धागाकर्ता

प्रश्न रास्त आहे आणि टाळू नये. मोल्सवर्थ लष्करात कॅप्टन होते, त्यांचा 1831 चा मराठी-इंग्रजी कोश मुंबई सरकारच्या आश्रयाने झाला, आणि त्यामागे शब्द गोळा करणाऱ्या ब्राह्मण शास्त्र्यांचे कष्ट होते ज्यांची नावं आपल्या तोंडी नाहीत. मलयकडेही हेच झालं. रॅफल्सचे लेखनिक अब्दुल्ला यांचं नाव तरी उरलं, कारण त्यांनी स्वतःचं चरित्र लिहून 1849 मध्ये छापलं. त्यांना सगळे 'मुन्शी' अब्दुल्ला म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानी शिपायांना मलय शिकवता शिकवता हिंदुस्थानातलाच हुद्दा त्यांना चिकटला. बाकी कित्येक गुरू आणि लेखनिक विस्मृतीत गेले.

विल्किन्सन यांचं वेगळेपण मी त्यांच्या शाळाखात्यातल्या कामात बघतो. 1900 मध्ये मलाक्काला मलय शिक्षकांसाठी विद्यालय निघालं, 1905 मध्ये क्वाला कांगसारला मलय कॉलेज निघालं, दोन्हींमागे त्यांचा पुढाकार होता. जुन्या हिकायती स्वस्तात छापून गावोगावच्या शाळांत पोचवाव्यात असा त्यांचा आग्रह होता. मलय मुलाने मलय साहित्य वाचावं, ही गोष्ट तेव्हाच्या अधिकाऱ्यांत सर्वमान्य नव्हती. त्यांच्यानंतर आलेले रिचर्ड विन्स्टेट हेही मोठे पंडित. व्याकरण, इतिहास, साहित्य, सगळ्यांवर त्यांनी लिहिलं, 1914 मध्ये विल्किन्सन यांच्याबरोबर पंतूनांचा संग्रह काढला. पण गावच्या शाळांच्या बाबतीत त्यांचा भर बागकाम आणि टोपल्या विणण्यावर राहिला. मलय लेखकांनी याबद्दल त्यांना नंतर धारेवर धरलं आणि माझ्या मते ते योग्यच होतं. क्वाला कांगसारचं कॉलेजही पुढे मुख्यतः राजघराण्यांचं आणि सरदारांचं झालं. विल्किन्सन तोवर दुसरीकडे गेले होते. 1916 पासून 1922 पर्यंत ते आफ्रिकेत सिएरा लिओनचे गव्हर्नर होते, आणि 1941 मध्ये तुर्कस्तानात इझमीरला वारले. मलाया सोडून पंचवीस वर्षं झाली होती, त्यातली कित्येक वर्षं त्यांनी मलय शब्दांतच घालवली.

तेव्हा कोश राज्याच्या सोयीचा होता हे खरं, पण तेवढ्या सोयीसाठी इतका मोठा कोश लागत नाही.

प्रतिसाद

गोव्याकडून एक भर घालतो. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी मलाक्का. 1641 मध्ये डचांनी ते जिंकेपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह गोव्याला आणण्यापूर्वी काही महिने मलाक्कातच पुरलेला होता. त्यामुळे पोर्तुगीज शब्दांची एकच खेप दोन्ही किनाऱ्यांना उतरली. आपला 'लिलाव', त्यांचा 'लेलोंग'. आपली 'फीत', त्यांची 'पीता'. आपला 'तुरुंग', त्यांचा 'तरुंकू'. कोकणी 'इगर्ज', त्यांचं 'गरेजा'. आमच्या घरी खिडकीला 'जनेल' म्हणतात, मलयमध्ये 'जंदेला'.

धागाकर्ता

'तुरुंग' आणि 'तरुंकू' शेजारी ठेवलेत ते छान झालं. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ झाडाचा बुंधा, मग कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. आपल्या 'खोड' आणि 'खोडा' यांची जोडी आठवली.

मलेशियात सरकारी भाषासंस्थेचं नाव 'देवान बहासा दान पुस्ताका' आहे. 1956 ची संस्था. 'देवान' हे दिवाण, 'दान' म्हणजे 'आणि', उरलेले दोन सांगायला नकोत. तिथलं भाषेचं घोषवाक्य 'बहासा जीवा बांग्सा' : भाषा, जीव, वंश. भाषा हा राष्ट्राचा जीव. तिन्ही शब्द आपल्या शाळकरी मुलालाही ओळखता येतील, फक्त 'वंश' तिकडे राष्ट्र झाला आहे.

प्रतिसाद

'भूमिपुत्र' राहिलाच की! 'बुमिपुत्रा'.

धागाकर्ता

तो मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याला वेगळा धागा लागेल. थोडक्यात सांगायचं तर मलेशियाच्या राज्यघटनेत हा शब्द नाही. तिथे 'मलय' आणि साबा-सारावाकचे 'मूळ रहिवासी' असा उल्लेख आहे. 1971 च्या नव्या आर्थिक धोरणानंतर मात्र नोकऱ्या, शिक्षण, घरं, भागभांडवल या सगळ्यांत तो रोजचा झाला. मुंबईत 'भूमिपुत्र' राजकारणात गाजू लागला तो काळही फार दूरचा नाही, पण आपल्याकडे तो मागणीचा शब्द राहिला, तिकडे सरकारी वर्गवारीचा झाला. कन्नड आणि तेलुगू जाणणाऱ्यांनी त्यांच्याकडे तो कसा वापरला जातो ते सांगितलं तर पुढचा धागा तिथूनच सुरू करतो.