मदत हवी आहे: अठरा पूर्ण होताच बालगृह सोडावं लागणाऱ्या मुलाच्या राहण्याची सोय

नमस्कार मंडळी,

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिकवतो. माझ्या वर्गात बालगृहातून येणारा एक मुलगा आहे. फेब्रुवारीत त्याला अठरा पूर्ण होतील आणि त्याच महिन्यात संस्था सोडायची, असं त्याला सांगून ठेवलंय. दुसऱ्या वर्षाची परीक्षा मात्र जुलैच्या आसपास. मधले महिने पोरगा राहणार कुठे? विचारलं तर म्हणतो, "सर, मित्राच्या खोलीवर जातो." हा मित्रही त्याच संस्थेतून बाहेर पडलेला. चौकशी केली, तर तो ढाब्यावर कामाला आहे आणि रात्री तिथल्याच बाकड्यावर झोपतो. खोलीबिली काही नाही.

कागदावर सोय आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ नुसार अठरानंतर संस्था सोडणाऱ्याला आर्थिक मदत देता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत आफ्टरकेअरसाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४००० रुपये आहेत, एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. शिवाय अशा अठरा पूर्ण झालेल्या मुलांना राहण्यासाठी शासकीय अनुरक्षण गृहं आहेत, पण आमच्या जिल्ह्यात नाही. दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं तर आयटीआय सुटतं, मग उपयोग काय? आमच्याकडे कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा धरला तर चार हजार तसेही पुरत नाहीत, पण निदान सुरुवात होईल.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा आराखडा बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) जायला हवा. म्हणजे डिसेंबरातच. बालगृहाचे अधीक्षक माणूस भला आहे, पण "वरून पत्र आलं की बघू" यापलीकडे सरकत नाही.

कागदपत्रांचा वेगळाच घोळ. आधारवर पत्ता संस्थेचा, मोबाइल नंबर आधीच्या अधीक्षकांचा. ते बदलून गेले, तरी ओटीपी अजून त्यांनाच जातो! बँकेचं काम असलं की पोरगा त्यांना फोन लावून उभा. आई वारली, वडील कुठे आहेत कुणालाच ठाऊक नाही. अनाथांच्या एक टक्का आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, ते याला मिळेल का?

जाणकारांना विचारायचंय: आफ्टरकेअरचा अर्ज मुलगा स्वतः थेट जिल्हा बाल संरक्षण कक्षात देऊ शकतो का, की संस्थेमार्फतच जावा लागतो? कोणी असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर पहिला हप्ता खात्यात पडायला किती वेळ लागला? आणि परीक्षेपर्यंत आहे तिथेच राहू देण्याचा आदेश समितीकडून कोणी मिळवलाय का?

आणखी एक. आमच्या आमदारांच्या पीएंनी हिवाळी अधिवेशनाआधी एक पानी टिपण मागितलंय. माझा मुद्दा एकच आहे: संस्था सोडायची तारीख वाढदिवसावरून न ठरवता चालू कोर्स संपण्याशी जोडा. आपल्या घरातल्या पोराला आपण अठराव्या वाढदिवशी पिशवी भरून देतो का? मुलींच्या बाबतीत तर हे आणखी निकडीचं, पण त्यातले बारकावे मला माहीत नाहीत. बालगृहात काम केलेल्या ताईंनी जरूर लिहावं.

"एखाद्या एनजीओला फोन करा" एवढंच सांगू नका, ते करून झालंय. अर्जाचा नमुना किंवा समितीच्या आदेशाची प्रत असेल तर मुलाचं नाव झाकून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टिपण मला पुढच्या शुक्रवारी द्यायचंय.