प्रादेशिक हवामान मॉडेल स्वतः चालवायचं आहे: प्रिसिस, रेगसीएम की डब्ल्यूआरएफ?

ओलीमाती: जाणकारांनो, सल्ला हवाय. जलसंपदा खात्याला २०५० च्या आसपासचा पाऊस खोऱ्यानुसार हवा आहे. जागतिक मॉडेलचा एकेक चौकोन शंभरेक किलोमीटरचा, त्यात आमची डोंगररांग पार सपाट होते. आम्ही चार जण, ३२ कोअरचं एकच मशीन, वीज बेभरवशाची. कुठलं मॉडेल घ्यावं? १० किमीच्या चौकोनांची ग्रिड जमेल का?

करडाढग: १० किमी आधी डोक्यातून काढा. ग्रिडचं अंतर निम्मं केलं की चौकोन चौपट होतात, वर टाइमस्टेपही, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढं पुढे सरकतं तो कालावधी, निम्मी करावी लागते. काम जवळपास आठपट! २५ किमीवर सुरुवात करा.
मी रेगसीएम सुचवेन. इटलीतल्या ट्रिएस्टच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्र संस्थेचं आहे, सोर्स कोड खुला आहे आणि तुमच्यासारख्या छोट्या गटांना शिकवणं हे त्या संस्थेचं कामच आहे. ब्रिटिश हवामान खात्याच्या हॅडली सेंटरचं प्रिसिसही साध्या लिनक्स पीसीवर चालावं म्हणूनच बनवलेलं, पण आत हात घालायला फारसा वाव नाही. डब्ल्यूआरएफमध्ये उलटी गत, पर्यायच इतके की निवडण्यात वर्ष जाईल. आणि रीस्टार्ट फाइल, म्हणजे बंद पडलं तर जिथून पुन्हा सुरू करता येईल ती नोंद, दर महिन्याला लिहायला लावा. मी वर्षाला एक ठेवली होती. नोव्हेंबरात वीज गेली आणि पुन्हा जानेवारीपासून.

पर्जन्यमापी: थांबा जरा. मुळात स्वतः चालवायची गरज आहे का? कॉर्डेक्स या प्रादेशिक मॉडेलांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातल्या बहुतेक भूभागांचे २५ किमीच्या आसपासचे रन (मॉडेल चालवून काढलेले निकाल) तयार आहेत, रेगसीएमचे आणि रेमो या दुसऱ्या प्रादेशिक मॉडेलचेही, वेगवेगळी जागतिक मॉडेलं जोडून. २०५० साठी एकट्या रनवर धरण बांधायला कुणी निघू नये. प्रादेशिक मॉडेलला कडेचं हवामान जागतिक मॉडेल पुरवतं, त्यामुळे जे जोडाल त्याची चूक आत येते.
चालवायचंच असेल तर आधी कडेला ईआरए५ (निरीक्षणं आणि मॉडेल मिळून बनवलेली मागच्या हवामानाची नोंद) लावून मागची वीसेक वर्षं काढा आणि पर्जन्यमापकांशी ताडून बघा. डोमेनची, म्हणजे मॉडेलमध्ये घेतलेल्या प्रदेशाची, कड डोंगरावरून नेऊ नका. मी नेली होती. कडेलगत पावसाचा सरळसोट पट्टा उमटला आणि दोन दिवस मी तो शोध म्हणून मिरवत होतो.

ओलीमाती: 😀 कॉर्डेक्सचे रन आजच उतरवायला लावतो. पण ताडायचं कशाशी? जुन्या नोंदी कागदी वह्यांत आहेत आणि पानोपानी नुसती आडवी रेघ. पाऊस नाही, की नोंद नाही?

पर्जन्यमापी: हे आधी सोडवा, मॉडेल थांबेल. शेजारच्या तीन केंद्रांवर त्या दिवशी पाऊस असेल तर ती रेघ शून्य धरू नका. भर पावसाळ्यात आठवडाभर सलग रेघा दिसल्या तर बहुधा नोंदवणारा रजेवर. त्याच वहीत कुठे ०.० लिहिलंय का तेही बघा. असेल तर रेघेचा अर्थ बहुतेक वेगळाच.

ओलीमाती: आत्ताच एक वही उघडली. ०.० आहे, आणि रेघाही आहेत. अक्षर मात्र दोन जणांचं.

पर्जन्यमापी: मग अक्षराप्रमाणे वेगळं टंकून घ्या.